धुतलेली पेटी

"मग चुकलं कुठे, बुवा?"

भार्गव सोमण दारातच उभा होता. ओंजळीत पांढरा रुमाल, रुमालात एक चिमुकलं जनावर, आणि जनावराच्या शेपटीच्या मुळाशी रक्त.

केरोबुवा पाटाला रंधा मारत होते. हात थांबला.

"औषध वेळेवर घातलं. पेटी लख्ख केली. दाणा निवडून दिला. आणि सख्खा भाऊ सख्ख्या भावाला फाडायला उठतो... मी काय कमी केलं?"

"ये. बस."

हिवराच्या टेकडीवरचा हा मठ म्हणजे तीन खोल्या, एक गोठा आणि एक चिंच. केरोबुवा पूर्वाश्रमीचे सुतार. गळ्यात माळ आली तरी हातातला रंधा काही सुटला नव्हता. लोक उपदेशाला म्हणून यायचे आणि जाताना पोळपाट घेऊन जायचे.

भार्गव एका मोठ्या इस्पितळाच्या प्रयोगशाळेत सत्तावीस वर्षं होता, शेवटची अकरा प्रमुख म्हणून. आपल्या टेबलावर कधी डाग राहिला नाही, हे तो मठात आल्यावरही तीन-चारदा सांगून चुकला होता. आल्या आल्या त्यानं उंबरे घासले, भिंतींना चुना दिला, पायऱ्यांवर फिनेल ओतलं. मठ कधी नव्हे तो चकाकला. बुवा काही बोलले नाहीत. भार्गवनं ते कौतुक समजून घेतलं.

चार महिन्यांपूर्वी पुण्याचं एक कुटुंब परदेशी निघालं, तेव्हा लेकीनं पाळलेले दोन जर्बिल मठात ठेवून गेलं. उंदराच्या जातीचे, पण दिसायला गोजिरे. लांब मागचे पाय, टपोरे काळे डोळे, शेपटीला टोकाशी केसांचा झुबका. मुलीनं नावं ठेवली होती, जिऱ्या आणि ओव्या. काचेची मोठी पेटी, तिच्यात वीतभर खोल लाकडाचा कीस, आणि त्या किसात दोघांनी पोखरलेली बिळं. मुलगी जाताना रडली. बुवांच्या हातात तिनं एक वही दिली.

बुवांनी जर्बिल भार्गवकडे सोपवले, वहीसकट.

"मी इथं ध्यान शिकायला आलोय, बुवा," तो म्हणाला होता.

"हं. तेच."

भार्गवनं मग त्यातही कसूर ठेवली नाही. चार पुस्तकं मागवली, तक्ता केला. बाजरी, राळा, अधूनमधून गाजराची चकती. सूर्यफुलाचं बी मोजून दोन, कारण त्यानं ती जनावरं लठ्ठ होतात. लोळायला बारीक वाळू. कुरतडायला बाभळीची काटकी. मुलीची वही मात्र त्यानं उघडली नाही. दहा वर्षांच्या पोरीकडून काय शिकायचं?

मग जिऱ्याचं नाक सोललं. तालुक्याच्या जनावरांच्या डॉक्टरांनी मलम दिलं. भार्गवनं जिऱ्याला आठ दिवस वेगळ्या खोक्यात ठेवलं, ओल्या बोळ्यानं रोज पुसलं. तेवढ्यात ओव्याला बादलीत ठेवून मोठी पेटी रिकामी केली, सगळा जुना कीस उकिरड्यावर टाकला, काच फिनेलनं धुतली, दोन दिवस उन्हात ठेवली, नवा कीस भरला. आज सकाळी जिऱ्या बरा झाला म्हणून त्यानं मोठ्या समाधानानं त्याला पेटीत सोडलं.

ओव्यानं जवळ येऊन हुंगलं. पुन्हा हुंगलं. आणि दुसऱ्या क्षणी दोघांचा गोळा होऊन पेटीभर गडगडला.

...

केरोबुवांनी रुमाल हातात घेतला. खाली वाकून त्यांनी जिऱ्याचा वास घेतला. बराच वेळ घेतला.

"घे, तूही घे."

भार्गवनं नाक जवळ नेलं.

"कसला येतोय?"

"कसलाच नाही." त्याच्या आवाजात नकळत अभिमान आला. "स्वच्छ आहे तो."

"मग भावानं ओळखायचं कशावरून?"



बुवा उठले आणि भार्गवच्या खोलीतल्या कोनाड्यातून वही घेऊन आले. बोट ठेवून, एकेक अक्षर लावत वाचलं, "पेटी कधीच सगळी धुवू नका. अर्धं जुनं राहू द्या. नाहीतर ते एकमेकांना विसरतात." त्यांनी पान उलटलं. "लांब ठेवले तर मध्ये जाळी लावा. रोज जागा बदला. घाई करू नका."

"हे आधी सांगितलं असतंत तर..."

"वही तुझ्याच खोलीत होती की."

दुपारपर्यंत बुवांनी सागाच्या पट्ट्यांची चौकट केली, बारीक तारेची जाळी ठोकली आणि पेटीच्या मधोमध बसवली. अलीकडे जिऱ्या, पलीकडे ओव्या. रोज सकाळी आणि संध्याकाळी याला त्याच्या जागी ठेवायचं, त्याला याच्या जागी. ज्याचा त्यानं केलेला पसारा तिथेच राहू द्यायचा.

"आणि साफसफाई?"

"एक काडी हलवायची नाही."

भार्गवला हे जड गेलं. पेटीत लेंड्या दिसायच्या, कुरतडलेल्या पुठ्ठ्याचा चुरा दिसायचा, आणि त्याचे हात शिवशिवायचे. पहिले तीन दिवस दोघं जाळीवर धडका मारत होते. मागचे पाय आपटायचे, त्याचा धपधप आवाज खोलीभर व्हायचा. चौथ्या दिवशी ओव्या जिऱ्याच्या घरट्यात गेला, सगळं उकरून बाहेर फेकलं आणि कोपऱ्यात ताठ बसून राहिला. सहाव्या दिवशी त्यानं फेकलं नाही. नुसता भोवती फिरला.

आठव्या दिवशी तो त्यातच झोपला.

भार्गव मांडी घालून पेटीसमोर बसला होता. दुसऱ्याच्या अंथरुणात अंग मुडपून झोपलेलं ते मूठभर जनावर तो पाहत होता...

त्याला येसाजी आठवले.

येसाजी एसटीचे ड्रायव्हर होते, आता मठातले जुने सेवेकरी. भार्गव आला तेव्हा दोघांना एकच खोली मिळाली. येसाजींच्या उशाशी एक गोधडी असायची. मळकी, कडा विरलेली. पांघरायचे नाहीत, नुसती डोक्याखाली घ्यायचे. एकदा ते बाजाराला गेले असताना भार्गवनं ती सोड्यात भिजवली, दगडावर आपटली, फिनेलच्या पाण्यातून काढली आणि घडी घालून जागेवर ठेवली. संध्याकाळी येसाजींनी ती उचलली, तोंडाला लावली आणि तशीच खाली ठेवली. दुसऱ्या दिवसापासून ते गोठ्यात झोपायला लागले. त्याला आता सव्वा महिना झाला होता. भार्गवशी एक शब्द नाही.

कृतघ्न माणूस, असं भार्गवनं तेव्हा मनाशी म्हटलं होतं.

तो उठून गोठ्यात गेला. येसाजी गाईला कडबा घालत होते.

"येसाजी, ती गोधडी... कुणाची होती?"

येसाजींनी मान वर केली नाही. "मंडळीची."

"त्या..."

"नऊ वर्सं झाली." त्यांनी पेंढी सोडली. "तिनंच शिवलेली. तिच्या लुगड्याची. चुलीचा धूर, खोबरेल, तंबाखूची मिसरी... समदं होतं तीत. कदी धुतली न्हवती मी."

भार्गवनं क्षमा मागायला तोंड उघडलं, पण ज्याची भरपाई होत नाही त्याची क्षमा कोणत्या शब्दांत मागतात, हे सत्तावीस वर्षांत कुणी शिकवलं नव्हतं. तो खाली बसला. कडब्याच्या पेंढ्या सोडू लागला. सोडता सोडता म्हणाला,

"मला ती घाण वाटली, येसाजी."

"दिसतच होती तशी."

"मी विचारायला हवं होतं."

"हां," येसाजी म्हणाले. "ते हवं होतं."

एवढंच. पण त्या दिवशी दोघांनी मिळून गोठा झाडला, आणि झाडून झाल्यावर येसाजींनी पाण्याचा तांब्या आधी त्याच्यापुढे केला.

...

बाराव्या दिवशी बुवा म्हणाले, "आज जाळी काढायची. दोन माणसं लागतील. बिनसलं तर एकानं याला उचलायचं, एकानं त्याला."

"तुम्ही आणि मी," भार्गव म्हणाला.

"माझे हात म्हातारे झाले. येसाजीला बोलव."

येसाजी आले. चामडी हातमोजे दोनच होते, एकेक दोघांनी चढवला. पेटीच्या दोन बाजूंना दोघं बसले. बुवांनी सागाची चौकट अलगद वर ओढली.

जिऱ्या जागचा हलला नाही. ओव्या दोन पावलं पुढे आला, थांबला. त्यानं मिशा हलवल्या.  रक्तानं भिजलेला रुमाल भार्गवच्या डोळ्यांपुढून जात नव्हता. समोर येसाजींचा हात हवेत तयार होता.

ओव्यानं जिऱ्याचं तोंड हुंगलं. कान हुंगला. जखमेची खपली हुंगली...

मग जिऱ्यानं मान खाली घातली, आणि ओव्या त्याच्या मानेवरचे केस दातांनी विंचरू लागला.

 दोघं भाऊ एकाच जागी उकरायला लागले. एकानं उकरलेला कीस दुसऱ्याच्या तोंडावर उडत होता. थोड्या वेळानं दोन्ही शेपट्या एकाच बिळात दिसेनाशा झाल्या.

"हीच म्हणे भांडली व्हती," येसाजी म्हणाले आणि गालातल्या गालात हसले. हातमोजा काढून त्यांनी भार्गवच्या मांडीवर ठेवला.

त्या दिवशी चिंचेखाली जेवणं झाली. पिठलं, भाकरी, आणि येसाजींनी आणलेला हिरव्या मिरचीचा ठेचा. भार्गवनं ताट पुसून न घेता जेवायला सुरुवात केली, हे त्याच्या स्वतःच्याही लक्षात आलं नाही. जेवण झाल्यावर येसाजी गोठ्यात गेले, आपली ट्रंक आणि घोंगडी काखेत मारून आले आणि ती खोलीत, आपल्या जुन्या कोपऱ्यात ठेवली. धुतलेली गोधडी उशाशी घेतली. विचारलं कुणी नव्हतं, सांगितलंही कुणी नव्हतं.

आठवडा झाला. जर्बिल धष्टपुष्ट होते. शनिवारी भार्गवनं पेटी साफ केली ती अर्धीच, आणि उरलेला जुना कीस नव्यात हातानं मिसळला. खोलीत येसाजी पहाटे उठून एसटीच्या जुन्या रस्त्यांची नावं गुणगुणायचे. भार्गवला त्याची सवय होत चालली होती. मनात एक तृप्ती होती, आणि ती आपली आपण बुवांना दाखवावी असंही त्याला वाटत होतं.

तो बुवांजवळ जाऊन बसला. बुवा नव्या पोळपाटाला काचकागद मारत होते.

"बुवा, एक सांगू? राग नाही, तक्रारही नाही."

"सांग."

"येसाजींच्या घोंगडीचा वास फार उग्र येतो. गोठ्याचा, घामाचा. पण मी काही बोलत नाही. मी आता सहन करायला शिकलोय."

बुवांनी पोळपाटावरचा भुसा फुंकला. बोटानं कड चाचपली.

"आणि तुझा?"

"माझा?" भार्गव चक्रावला. "मी दोनदा आंघोळ करतो, बुवा. मला कसला वास?"

"मला काय ठाऊक... तोच रोज शेजारी झोपतो. त्याला विचार."