सर्जेरावनं विमा उतरवला

एका गावात एक भोळा सर्जेराव होता. गावात होता तोवर कुणाचं काही बिघडत नव्हतं. कुणी म्हणालं, "सर्जेराव, जरा म्हशीकडं बघ," तर तो दिवस मावळेपर्यंत म्हशीकडं बघत बसायचा. म्हशीची तक्रार नव्हती.

त्याची बायको शालन नर्स होती, आणि हुशार होती. एवढी हुशार बाई सर्जेरावला कशी मिळाली, हे गावाला कोडं होतं. ते त्यांचं ते बघून घेतील, आपल्याला काय करायचंय? तर या शालनला लांब थंडीच्या मुलखात एका मोठ्या दवाखान्यात नोकरी लागली. ती पुढं गेली. दीड वर्ष एकटी राहिली. तिथं सगळं होतं, नळाला चोवीस तास पाणी होतं, पण घरी आल्यावर बोलायला कुणी नव्हतं. सर्जेरावशी बोलून काही निष्पन्न व्हायचं नाही, पण बोलता तरी यायचं. तिला त्याची फार आठवण यायची. शेवटी तिनं सगळी कागदपत्रं केली आणि नवऱ्याला बोलावून घेतलं.

त्या मुलखात एक कायदा होता. नव्या माणसानं नव्वद दिवसांच्या आत आरोग्य विमा उतरवायचा. ज्याचा विमा नाही, त्याला माघारी धाडायचं. मग तो कुणाचाही नवरा असो. लग्नाचा दाखला आणा, त्याचं भाषांतर आणा, त्या भाषांतरावर शिक्का आणा, असं करता करता ऐंशी दिवस गेले. दहा उरले. शालनला रजा मिळेना.

मग तिनं सर्जेरावला समोर बसवलं. त्याच्या फोनमध्ये दुभाषी घालून दिला. इकडून मराठी बोललं की तिकडून त्यांची भाषा निघायची, तिकडून ते बोलले की इकडून मराठी. एका चिठ्ठीवर तिनं त्यांच्या लिपीत 'विमा' लिहून दिलं.

"ही अक्षरं नीट बघून ठेवा. अशी अक्षरं जिथं दिसतील, तिथंच विमा. तेवढा उतरवून या."

"उतरवतो की," सर्जेराव म्हणाला.

तो गेला. एका इमारतीच्या दारावर, चांगली दोन पुरुष उंचीवर, तीच अक्षरं होती. सर्जेरावनं चिठ्ठी ताडून पाहिली. बरोबर होती. समोर एक रंगारी भिंत रंगवत होता. सर्जेरावनं त्याची शिडी मागून घेतली.

संध्याकाळी शालन घरी आली तर स्वयंपाकघरात सहा फुटी पाटी.

"हे काय?"

"विमा. उतरवला. चार स्क्रू होते."

शालननं कपाळावर हात मारला.

"अवो, लोकांच्या वस्तूला हात लावायचा न्हाई! आपल्याला कुनी हातात दिलं तर तेवढंच घ्यायचं, आणि ते जपून घरी आणायचं. कळलं?"

"कळलं," सर्जेराव म्हणाला.

दुसऱ्या दिवशी त्यानं पाटी परत लावली. उलटी लागली, पण लागली. मग तो आत गेला. काउंटरवरच्या बाईनं त्याच्या हातात फॉर्म दिला. फोन म्हणाला, "भरून द्या." सर्जेरावनं फॉर्मची घडी घालून तो खिशात ठेवला. तेवढ्यात शेजारच्या म्हाताऱ्या बाईला सही करायची होती. तिनं आपल्या कुत्र्याचा पट्टा क्षणभर सर्जेरावच्या हातात दिला आणि ती सहीला वाकली. सरळ झाली तेव्हा ना सर्जेराव होता, ना कुत्रा.

संध्याकाळी शालन घरी आली तर स्वयंपाकघरात कुत्रा.

"हे कुनाचं?"

"हातात दिलं. लई जपून आणलंय. ट्राममध्ये मांडीवर घेतलं होतं."

"आणि फॉर्म?"

"तो पन हाय. घडी मोडली न्हाई."

शालननं कपाळावर हात मारला. मग फॉर्म तिनंच बसून भरला, सर्जेरावची सही घेतली, आणि म्हणाली, "आता नीट ऐका. हातात काहीही दिलं, की ते तिथल्या तिथं भरायचं, खाली सही करायची, आणि ज्याचं त्याला लगेच परत करायचं. घरी काही आणायचं न्हाई. काहीही!"

"न्हाई आणत," सर्जेराव म्हणाला.

तिसऱ्या दिवशी म्हातारी ऑफिसच्या दारातच उभी होती. सर्जेरावनं कुत्र्याला बिस्किटांनी गच्च भरलं. मग त्याला उताणा केला, खाली पोटावर सही केली आणि परत दिला. म्हातारीनं सही वाचायचा प्रयत्न केला. फॉर्मही सर्जेरावनं काउंटरवर दिला आणि काउंटरवरच्या बाईला तो बिनचूक भरलेला दिसला. ती खूश झाली. म्हणाली, "चार दिवसांनी या, तुमचं विम्याचं कार्ड तयार असेल."

घरी शालननं शिरा केला. दीड वर्षात पहिल्यांदा केला. एकटीसाठी कोण करतो?

चार दिवसांनी सर्जेराव गेला. बाईनं हसून कार्ड त्याच्या हातात ठेवलं. त्यावर त्याचं नाव होतं, फोटो होता. सर्जेरावनं ते उलटंपालटं केलं. भरायला काही नव्हतं. त्यानं खाली सही केली आणि कार्ड बाईला परत दिलं.

"हे तुमचं आहे," फोनमधून बाई म्हणाली.

"न्हाई, तुमचंच हाय. तुम्हीच दिलं न्हवं?"

बाईनं पुन्हा दिलं. सर्जेरावनं पुन्हा सही करून परत केलं. असं पाच वेळा झालं. कार्डावर सहीला जागा उरली नाही. त्या ऑफिसात आजवर कुणी कार्ड परत केलं नव्हतं. बाईनं वरच्या साहेबाला बोलावलं. साहेबानं सर्जेरावकडं बराच वेळ पाहिलं आणि सांगितलं, "यांना आधी डॉक्टरकडून तपासून आणा. मग विम्याचं बघू."

शालननं कपाळावर हात मारला. या वेळी आवाज आला.

"अवो, आपल्या हातातलं असं सोडायचं असतं का? आपलं ते आपलं! कुनी मागितलंच तर लांबनं दाखवायचं, पन द्यायचं न्हाई. घट्ट धरायचं आणि खिशात घालायचं. आता उद्या जावा आणि डॉक्टरला दाखवून या."

"दाखवायचं, द्यायचं न्हाई," सर्जेरावनं घोकलं.

डॉक्टर भला माणूस होता. म्हणाला, "जीभ दाखवा." सर्जेरावनं दाखवली. "डोळे दाखवा." दाखवले. "घसा दाखवा." दाखवला. इथवर सर्जेराव जन्मात कधी एवढा बरोबर वागला नव्हता. मग तिथल्या नर्सनं त्याला एक छोटी बाटली दिली आणि संडासाकडं बोट केलं. सर्जेराव आत गेला, बाटली भरून बाहेर आला.

नर्सनं हात पुढं केला. सर्जेरावनं बाटली वर धरली.

"बघा," तो म्हणाला.

"द्या."

"देत न्हाई. बघून घ्या."

"अहो, ती आम्हाला तपासायची आहे!"

"आपलं ते आपलं," सर्जेराव म्हणाला.

नर्सनं बाटली धरली. सर्जेरावनं घट्ट धरली. डॉक्टर मदतीला आला. रांगेतले दोघं आले. पण सर्जेराव शेतात राबलेला गडी. त्यानं बाटली सोडवली, सांगितल्याप्रमाणं कोटाच्या खिशात घातली आणि ट्राम पकडली. झाकण दवाखान्यातच राहिलं होतं. कोट शालननं नवा घेऊन दिला होता. ट्राममध्ये मात्र त्याला शेवटपर्यंत ऐसपैस जागा मिळाली.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरनं कागदावर लिहून पाठवलं की माणूस धडधाकट आहे, पण काही केल्या देत नाही.

त्या दिवशी शालननं कपाळावर हात मारला आणि हात तिथंच ठेवून रडायला लागली.

"उद्या नव्वदावा दिवस हाय," ती म्हणाली. "उद्या विमा न्हाई झाला तर तुम्हाला विमानात बसवतील. मी परत एकटी. परत कामावरनं यायचं, कुलूप काढायचं, आणि भिंतीकडं तोंड करून जेवायचं. मला न्हाई जमायचं आता."

सर्जेरावला काय करावं सुचेना. शालन रागावलेली त्याला सवयीची होती. रडलेली नव्हती. त्याला आत कुठंतरी दुखायला लागलं.

"रडू नगं. मी काय करू ते सांग. सांगशील तसंच करीन."

शालननं डोळे पुसले. "उद्या मी बिनपगारी रजा टाकून संगं येते. परदेशी लोकांच्या कचेरीत जाऊ आणि मुदत वाढवून मागू. तुम्ही एवढंच करा. साहेब असो की डॉक्टर, मागतील ते द्यायचं. विचारतील ते खरं सांगायचं. काही लपवायचं न्हाई. कुठं दुखतं म्हणाले, तर बरोबर तिथंच बोट ठेवायचं."

"तिथंच ठेवतो," सर्जेराव म्हणाला.

सकाळी निघताना शालननं देवापुढं दिवा लावला आणि सर्जेरावच्या कपाळाला ठसठशीत कुंकू लावलं. आज यश येऊ दे म्हणाली. बाहेर बर्फ पडत होता. कचेरीत पोचेपर्यंत कुंकू विरघळून नाकाच्या शेंड्यापर्यंत ओघळलं होतं. थंडीत कोण कुणाच्या कपाळाकडं बघतंय?

कचेरीतली अधिकारी बाई फार कनवाळू होती. शालननं त्यांच्या भाषेत सगळं सांगायला सुरुवात केली. पण बाईनं हात वर केला. तिथला नियम असा, की ज्याचं काम त्यानंच बोलायचं. तिनं सर्जेरावचा फोन टेबलावर ठेवला आणि हळू आवाजात विचारलं. फोन म्हणाला, "घाबरू नका. तुम्हाला काय त्रास होतोय?"

सर्जेरावनं मनापासून विचार केला. हात दुखत नव्हता. पाय दुखत नव्हता. दाढ मागच्या वर्षीच काढली होती. मग कालपासून हे आत कुठं दुखतंय? शालन रडली तेव्हापासून दुखतंय. लपवायचं नाही म्हणाली होती. त्यानं बोट उचललं आणि बरोबर शालनवर ठेवलं.

"हितं," तो म्हणाला.

फोननं सांगितलं, "त्रास म्हणजे ही बाई."

अधिकारी बाई पुढं वाकली. "काय करते ती?"

"रोज कपाळावर हात मारते."

आता मराठीत कुणाच्या कपाळावर ते सांगावं लागत नाही. त्यांच्या भाषेत सांगावंच लागतं. फोननं आपल्या मनानं सर्जेरावचं कपाळ घातलं.

"रोज?"

"काम करून आलो की. कधी कधी आवाज येतो."

अधिकारी बाईनं त्याच्या तोंडाकडं निरखून पाहिलं. "आणि हे लाल? कपाळापासून नाकापर्यंत?"

"हे हिनंच केलं. आज सकाळी."

"का?"

"माझं चांगलं व्हावं म्हणून," सर्जेराव म्हणाला. खरं तेच म्हणाला.

"अवो, काय बोलताय हे!" शालन किंचाळली, उठून उभी राहिली आणि तिनं कपाळावर हात मारला. अधिकारी बाईनं ते समक्ष पाहिलं आणि टेबलाखालची घंटा दाबली.

त्या मुलखात गांजलेल्या माणसाला सरकार लगेच पोटाशी धरतं. घटकाभरात सगळं झालं. सर्जेरावला स्वतःच्या हक्कानं राहायचा परवाना मिळाला. सरकारी विमा मिळाला, तोही तहहयात, आणि त्याचं कार्ड तिथंच हातात पडलं. गावाच्या दुसऱ्या टोकाला एक ऊबदार खोली मिळाली, एक लोकरीची टोपी मिळाली. आणि शालनला एक कागद मिळाला. तिनं वर्षभर या माणसाच्या शंभर पावलांच्या आत यायचं नाही. ती त्यांच्या भाषेत जेवढं समजवायला जाई, तेवढं अधिकारी बाई सर्जेरावचा हात थोपटी.

शालनला मागच्या दारानं बाहेर काढलं आणि चौकाच्या पार पलीकडं नेऊन उभं केलं. मध्ये एक पोलीस ठेवला. मग पुढच्या दारानं सर्जेराव बाहेर आला. टोपी घातलेली, छाती फुगलेली. या वेळी त्यानं कार्ड परत दिलं नव्हतं, कुठं विसरलं नव्हतं, सांडलं नव्हतं. चौकापलीकडं त्याला शालन दिसली. आनंदानं त्याला रडू फुटलं. त्यानं कार्ड उंच धरलं आणि सगळा चौक दणाणून सोडला.

"शालन! उतरवला गं विमा! आता आपल्याला कुनी येगळं करत न्हाई!"

आणि तो तिच्याकडं धावत सुटला. शालन कागदाकडं बघत तेवढीच मागं मागं पळायला लागली.

"थांबा! तिथंच थांबा!" ती ओरडली.

तो थांबला. तीही थांबली. बर्फ पडतच होता.

"का गं?" त्यानं लांबून विचारलं. "काय चुकलं का?"

शालननं कपाळावर हात मारला.

पोलिसानं वही काढली आणि लिहून घेतलं, की बाईंनी आता शंभर पावलांवरूनही मारला.