थोरली वारुळावरून उतरली

मुलांनो, गोष्ट म्हटली की तुम्हांला घनदाट जंगल हवं असतं. आज ते मिळणार नाही. आजची गोष्ट आहे आफ्रिकेच्या दक्षिण भागातल्या कलहारी नावाच्या वाळूच्या मुलखातली. तिथे झाडं विरळ, गवत पिवळं आणि पाणी दिसलं तर नशीब. अशा त्या मुलखात, एका माळावरच्या बिळांमध्ये मीरकॅटांची एक वसाहत राहत असे. मीरकॅट म्हणजे आपल्या मुंगसाचे लांबचे भाऊबंद. चण लहानशी, डोळ्यांभोवती काजळ फासल्यासारखी काळी वर्तुळं आणि मागच्या दोन पायांवर ताठ उभं राहून सगळ्या जगाची चौकशी करण्याची खोड.

या वसाहतीला राजा नव्हता. प्रमुख होता, आणि तो सगळ्यांनी मिळून निवडायचा. बिळांच्या मधोमध वाळवीचं एक उंच वारूळ होतं. जो प्रमुख होईल त्याने त्या वारुळावर उभं राहून पहारा द्यायचा. तुम्हांला वाटेल, प्रमुख झालं की मजाच मजा! इथे सगळं उलटं होतं. बाकीचे खाली विंचवांवर आणि भुंगेऱ्यांवर ताव मारत असताना प्रमुखाने उन्हात ताटकळत राहायचं. गरुड दिसला की ओरडायचं, आणि सगळे बिळात शिरले की मग आपण शिरायचं. तरीही वारुळावर चढायला उत्सुक असलेल्यांची तिथे कधी वाण पडली नाही. उंचावर उभं राहण्यात काहीतरी गोडी असावी.

वसाहतीचे नियम दोनच होते, पण पक्के होते. काहीही मोठं ठरवायचं तर वारुळाशेजारच्या काटेरी झाडाखाली सभा भरवायची. तिथे ज्याला बोलायचं त्याला बोलू द्यायचं, कुणी कुणाला मध्येच तोडायचं नाही, आणि प्रमुखाने सगळ्यांचं ऐकून सर्वांत शेवटी बोलायचं. हा झाला पहिला नियम. दुसरा असा की, एका पावसाळ्यापासून पुढच्या पावसाळ्यापर्यंत प्रमुखाची एक पाळी, आणि एकाला पाळ्या दोनच. मग तो कितीही गुणाचा असो, त्याने खाली उतरून सगळ्यांबरोबर वाळूत बसायचं.

त्याच मुलखात माणसांचाही एक देश आहे, बोट्स्वाना नावाचा. तिथल्या गावांतही माणसं अशीच सभेला जमतात, हवं ते बोलतात, आणि गावचा मुखिया सगळ्यांचं ऐकून घेऊन शेवटी तोंड उघडतो. देशाच्या अध्यक्षालाही ठरलेली वर्षं भरली की खुर्ची सोडावी लागते. आता माणसं मीरकॅटांकडून शिकली की मीरकॅट माणसांकडून, ते मला विचारू नका. मी आपली गोष्ट सांगतो.

तर त्या वेळी वारुळावर थोरली होती. तिचा एक कान फाटका होता, गरुडाशी झालेल्या झटापटीत फाटलेला. तिच्या पहिल्या पाळीत पाऊस पडलाच नाही. तेव्हा तिने सगळ्यांना दूरच्या वाळूत नेऊन रानकलिंगडांचे वेल दाखवले, आणि त्या रसावर पिल्लं जगली. दुसऱ्या पाळीत तिच्या पहाऱ्यात एकही पिल्लू गरुडाने उचललं नाही. वसाहतीचा तिच्यावर फार जीव होता. सकाळी ती वारुळावर चढली की पिल्लं खालून ओरडायची, "थोरलीबाई आल्या! थोरलीबाई आल्या!" तिलाही ते ऐकल्याशिवाय दिवस उजाडल्यासारखं वाटत नसे.

वसाहतीत एकाला मात्र थोरलीचं कधी काही पटलं नाही. तो म्हणजे कुरकुऱ्या. हा एक म्हातारा मीरकॅट होता. तोंडावर त्याला सगळे काका म्हणत, आणि पाठ वळली की कुरकुऱ्या. पाऊस आला तर चिखल झाला म्हणून त्याची कुरकुर, नाही आला तर धूळ उडते म्हणून कुरकुर. प्रत्येक सभेत तो उठायचा, थोरलीचं काय चुकलं ते घोळून घोळून सांगायचा, आणि थोरली ते मान हलवत ऐकून घ्यायची.

दुसरी पाळी संपत आली तसा थोरलीच्या जिवाला घोर लागला. उतरायचं? आणि मग आपण कोण? आपल्यामागे या खेपेला वारुळावर चढायला तयार होती ती एकटी धाकटी, नुकतीच वयात आलेली, पान हललं तरी दचकणारी. हिच्या भरवशावर पिल्लांना सोडायचं?

अशातच एके दिवशी कोरड्या नदीच्या पलीकडच्या काठावर कोल्हा येऊन बसला. तो झेपेच्या टप्प्याबाहेर होता, म्हणून थोरलीने हाक दिली नाही, नुसती नजर रोखली.

"घाबरू नका बाई," कोल्हा अदबीने म्हणाला. "तुम्ही वर असताना मी इकडे पाऊल टाकत नाही, हे तुम्हांलाही ठाऊक आहे. मी नुसतं कौतुक करायला आलो. तुम्ही उतरणार म्हणे?"

"नियमच आहे तसा," थोरली म्हणाली.

"नियम!" कोल्ह्याने उसासा टाकला. "अहो, तुमच्यासारखी पहारेकरीण आमच्यात असती तर आम्ही तिला मरेपर्यंत उतरू दिलं नसतं. तुमच्या लोकांना किंमत नाही हो. बाकी माझं काय, मी पडलो परका."

शत्रूने केलेली स्तुती आपल्या माणसांच्या स्तुतीपेक्षा गोड लागते. थोरलीच्या अंगावर मूठभर मांस चढलं. कोल्हा शेपटी झुलवत निघून गेला, पण त्याचे शब्द मात्र तिच्या फाटक्या कानात घुमत राहिले.

आकाशात ढग दिसू लागले आणि काटेरी झाडाखाली सभा भरली. कुणाला निवडायचं हे ठरवायचं होतं, पण कुणी धाकटीचं नावच घेईना.

"थोरलीबाईच राहू देत," एक आई म्हणाली. "माझी पिल्लं आज हुंदडताहेत ती यांच्यामुळे. त्यांचे उपकार फेडायची वेळ आली, आणि आपण काय त्यांना खाली उतरा म्हणायचं?"

"नियम आपणच केला ना?" दुसरा म्हणाला. "मग आपणच बाजूला ठेवू. फक्त या एका वेळेला!"

"थोरलीबाई! थोरलीबाई!" पिल्लांनी गलका केला.

तेवढ्यात मागून खाकरल्याचा आवाज आला. कुरकुऱ्या उठला होता. "मला हे पसंत नाही," तो म्हणाला.

मग काय विचारता! "खाली बसा!" "कधी काही पटलंय का तुम्हांला?" "कृतघ्न कुठले!" चहूकडून आवाज उठले. एकाने तर त्याच्या अंगावर वाळू उडवली. म्हातारा डोळे चोळत उभा राहिला. थोरली वारुळावरून हे पाहत होती. 'बोलू द्या त्यांना,' एवढंच तिला म्हणायचं होतं. आजवर ती ते शंभरदा म्हणाली होती. पण आज तिला तो ओरडा ऐकायला बरं वाटत होतं. तिने तो जरा वेळ चालू दिला. मग भानावर आल्यासारखी ती म्हणाली, "थांबा. काकांना बोलू द्या."

सभा शांत झाली. कुरकुऱ्या पापण्यांवरची वाळू झटकत बोलू लागला.

"थोरलीबाई चांगल्या आहेत. हे मी पहिल्यांदाच बोलतोय, तेव्हा नीट ऐकून घ्या, पुन्हा म्हणणार नाही. त्या चांगल्या आहेत म्हणूनच त्यांनी उतरावं. प्रमुख वाईट असता तर तुम्ही सगळ्यांनी मिळून त्याला शेपटी धरून खाली ओढलं असतं, त्याला नियम कशाला लागतो? नियम लागतो तो आपल्या आवडत्या प्रमुखासाठी. आज चांगल्यासाठी मोडाल. उद्या एखादा दांडगा वर चढून बसेल आणि म्हणेल, तिला राहू दिलंत, मग मला का नाही? तेव्हा काय सांगणार आहात त्याला?"

कुरकुऱ्याने मान वर करून थोरलीकडे पाहिलं.

"आणि बाई, तुम्हांला एक सांगायचंय. दोन पाळ्या मी तुमच्या तोंडावर कुरकुर केली. तुम्ही एकदाही मला गप्प करू दिलं नाहीत. मी घरी जाऊन म्हणायचो, बाईचं काही खरं नाही, पण ऐकून घेते. आज पहिल्यांदा तुम्हांला 'थांबा' म्हणायला उशीर झाला."

एवढं बोलून म्हातारा खाली बसला.

थोरलीला वाटलं, कुणीतरी आपल्याला भर उन्हात उघडं पाडलं. सगळ्यांना शेवटी काय सांगायचं हे तिने मनाशी घोकून ठेवलं होतं: 'तुम्हां सर्वांचा एवढा आग्रहच असेल तर...' ते वाक्य आता तिच्या घशाखाली उतरेना आणि वरही येईना. उशीर झाला होता, हे खरंच होतं. तिच्याशिवाय ते फक्त एकाने पाहिलं होतं, आणि ज्याने पाहिलं त्याला बोलायला जागा होती म्हणून तिला ते कळलं.

ती वारुळावरून उतरली. सभेत मागच्या बाजूला कुरकुऱ्याच्या शेजारी थोडी जागा होती, तिथे ती जाऊन बसली.

"माझं बोलून झालं," ती म्हणाली. "आता प्रमुख निवडा."

मग नाइलाजाने एकेक जण धाकटीच्या मागे जाऊन उभा राहिला. धाकटीची तर पाचावर धारण बसली होती. "मावशी, मला नाही जमणार!" ती थोरलीला म्हणाली.

"मलाही पहिल्या दिवशी असंच वाटलं होतं," थोरली म्हणाली. हे मात्र ती खोटं बोलली. तिला पहिल्या दिवशीही जमेल असंच वाटलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी धाकटी वारुळावर चढली आणि तिने वसाहतीच्या नाकात दम आणला. वाळकं पान उडालं, तिने हाक दिली. दूरवरून शहामृग गेला, तिने हाक दिली. प्रत्येक हाकेला सगळे तोंडातला भुंगेरा टाकून बिळात पळायचे आणि बडबडत बाहेर यायचे. "थोरलीबाई असत्या तर!" असं जो तो म्हणू लागला. थोरलीला आता पिल्लांना सांभाळण्याचं काम मिळालं होतं. गवताच्या कडेला ती पिल्लांना विंचवाची नांगी कशी तोडायची ते शिकवत होती. 'बघा, माझ्यावाचून अडलं ना!' असं तिच्याही मनात येऊन गेलं. खोटं कशाला सांगू?

ऊन कोवळं होतं. थोरली वर असायची तेव्हा या वेळी ती नेहमी सूर्याकडे तोंड करून उभी राहायची, पोटाला ऊब मिळावी म्हणून. तिची हाडं आता थंडीने आखडत. मागच्या गवताकडे ती वळायची ती ऊन चांगलं तापल्यावरच. धाकटीला कसली ऊब आणि कसलं काय! घाबरून ती भिंगरीसारखी चारी दिशांना फिरत होती. आणि तशी फिरता फिरता तिने अशी काही किंकाळी फोडली की या वेळी कुणी बडबडलंच नाही.

थोरलीने मागे वळून पाहिलं. गवतात, चार उड्यांवर, पोट जमिनीला लावून कोल्हा दबा धरून बसला होता. तिने दोन पिल्लांना मानगुटीला धक्का देऊन बिळात ढकललं, तिसऱ्याला तोंडात धरलं आणि स्वतः आत उडी घेतली. मागोमाग कोल्ह्याचे दात बिळाच्या तोंडावर कचकन मिटले. त्याला मिळाली ती तोंडभर वाळू.

वर तो थू थू करत होता. "थोरली कुठाय?" तो चिडून ओरडला. "ती राहणार होती ना? तिच्या पाठीमागच्या गवतातून यायचा रस्ता मी किती दिवस हेरून ठेवला होता!"

बिळातल्या अंधारात तिसरं पिल्लू थोरलीच्या छातीशी धडधडत होतं. त्याच्या छोट्याशा काळजाचे ठोके तिला जाणवत होते. कोल्ह्याला आपण राहायला का हवे होतो, ते तिला आता कळलं. आपली प्रत्येक सवय त्याने पाठ केली होती. ती उतरली नसती तर आज सूर्याकडे तोंड करून उभी असती, आणि हे पिल्लू... पुढचं तिला मनातही म्हणवेना. तिच्या डोळ्यांना पाणी आलं.

संध्याकाळी ती एक चांगला जाडजूड विंचू घेऊन कुरकुऱ्याकडे गेली आणि तो त्याच्यापुढे ठेवून म्हणाली, "काका, तुमचे उपकार कसे फेडू? काल तुम्ही उठला नसतात तर आज आपल्यातलं एखादं पिल्लू कमी झालं असतं."

"माझे कसले उपकार?" कुरकुऱ्या म्हणाला. "मी सगळ्यालाच नाही म्हणतो, कधीतरी बरोबर ठरायचंच. उपकार मान त्या पोरीचे. आणि ज्यांनी मला बोलू देण्याचा नियम केला त्यांचे." मग त्याने विंचवाचा तुकडा तोडून चघळला आणि तोंड वाकडं केलं. "हा विंचू शिळा आहे."

थोरली खळखळून हसली. वारुळावर धाकटी मावळतीच्या उजेडात अजूनही गरगर फिरत होती. थोरलीने तिला खालूनच हाक मारली, "धाकटीबाई, दमलात का हो?" मग विंचवाचा उरलेला अर्धा तिने स्वतः खाल्ला. वारुळावर असताना कुणाबरोबर बसून खाल्ल्याचं तिला आठवत नव्हतं. विंचू मुळीच शिळा नव्हता.

तात्पर्य : चांगल्या प्रमुखाचे उपकार जन्मभर मानावेत, पण नियम मोडून ते फेडू नयेत, आणि जो आपल्या तोंडावर 'नाही' म्हणतो, त्याचे आभार मानायला विसरू नये.