कितीजणांचं भिजवू?

चपला तिकडं काढा. त्या पंख्याला हात लावू नका, शॉक बसतो. मी लावून बघितलाय.

ही आमची मशीद. आम्ही कोकणातले इस्रायली, म्हणजे ज्यू लोक, आमच्या प्रार्थनेच्या जागेला मशीदच म्हणतो. वर्षातून एक दिवस, यरुशलेमचं मंदिर पडलं त्याचं दुःख म्हणून, सगळे या फरशीवर बसतात आणि जुनी विलापगीतं वाचतात. आमच्या खारवलीत मात्र वाचन अर्ध्यात थांबतं. गावातली सगळ्यात म्हातारी बाई उठते आणि विचारते, "कितीजणांचं भिजवू?" मग एकेक घर आपला आकडा सांगतं. मागं एकदा मी "पन्नास!" म्हणून ओरडलो. कोणी हसलं नाही. कोणी मारलं पण नाही. मारलं असतं तर बरं होतं.

त्याचं असं झालं म्हणे. तेव्हा इथं आमच्यातल्याच हसाजी तेल्याचा घाणा होता. गावात पटकीची साथ आली आणि आठवड्यात आमच्या प्रत्येक घरातून कोणीतरी गेलं. एक घर सुटलं नाही.

आता रीत अशी, की सुतकाच्या घरात सात दिवस चूल पेटवायची नाही, जेवण शेजाऱ्यांनी आणायचं. पण सगळेच सुतकात. सगळे घाण्यापाशी जमिनीवर बसले आणि जो तो दुसऱ्याच्या घरून भाकरी यायची वाट बघत राहिला. तीन दिवस. रडत कोणी नव्हतं. बैल हंबरायचा, तेवढाच आवाज.

हसाजी विलाप वाचायचा. त्यात मधे एक आशेची जागा येते. तिथं आला की त्याची जीभ हलायची नाही. मग पुन्हा पहिल्यापासून.

मिलकाबायचा मुलगा, सून दोघं गेलेले. उरलेली एक नात, सिपोरा. पोर घाण्यातली पेंड चघळत होती. चौथ्या दिवशी तिनं तेही सोडलं. तशी मिलकाबाय उठली.

"कुठं चाललीस? सुतक आहे," हसाजी म्हणाला.

"पोरीला पेज करते. आणि वाल भिजत घालते."

"पेज समजली. वालाला मोड यायला दोन दिवस जातील, बाय. तोवर कोण राहील?"

"ते मी कुठं विचारलं? कितीजणांचं भिजवू, तेवढं बोल."

हसाजीच्या घरात सात माणसं होती. तो सवयीनं "सा..." म्हणाला आणि थांबला. मग म्हणाला, "दोघांचं." आणि रडायला लागला. मग पुढच्या घरानं आकडा सांगितला, मग त्याच्या पुढच्या. प्रत्येक जण सांगायचा आणि रडायचा. सगळ्यांचं झाल्यावर हसाजीनं ती आशेची जागा वाचली म्हणे, जमेल तशी.

सिपोरा जगली. तिला नातवंडं झाली.

आजही बाई विचारते. गावातले बरेच जण इस्रायलला गेले, आता आमची चारच घरं. शेवटचं घर रूबेनकाकांचं, एकटेच असतात. ते म्हणतात, "एकाचं." बाई मान हलवते, आणि मगच पुढचं वाचतात.