रशियाचं पाखरू आणि बकुळेचा प्रश्न

दौलतरावांच्या ढाबळीतलं, म्हणजे कबुतरखान्यातलं, रशियाचं कबूतर उडून गेलं, आणि अख्ख्या गावाला बकुळेच्या झोपडीत डोकावायची सवय लागली. कुणी विस्तव मागायला येई, कुणी ताक, आणि डोळे मात्र आढ्याकडे.

कबूतर होतंच तसं देखणं. शुभ्र अंग, पंख्यासारखी इवलीशी शेपटी, सदा थरथरणारी मान आणि पायांत पिसांचे पिटुकले पैंजण. आभाळात चढलं की उलट्या कोलांट्या घेत खाली येई. त्याची राखण बकुळेचे वडील, आबा म्हणजे केरबा, करत; दौलतराव त्यांचे मालक. नव्या पाखराला घर ओळखू येईपर्यंत, म्हणजे महिनाभर तरी, त्याचे पंख दोऱ्यानं बांधून ठेवतात. पण दौलतरावांना पाहुण्यांपुढे मिरवायची घाई. आठव्या दिवशीच त्यांनी स्वतःच्या हातानं दोरा कापला. आबा काही बोलू गेले, तर मालक म्हणाले, मला काही विचारायचं नाही.

पाखरू गेलं ते परतलंच नाही. मग मालकांनी आळ घेतला, दोरा केरबानं कापला आणि पाखरू विकलं. उद्या दिवस मावळेपर्यंत ते आलं नाही, तर बापलेकीनं गाव सोडायचं.

त्या दिवशी आबा जेवले नाहीत. बकुळेला रडू आलं, रागही आला, आणि तिचा कुणावर म्हणून विश्वास उरला नाही. सकाळ होताच मूठभर ज्वारी घेऊन ती रानात निघाली.

ओढ्यापलीकडे पेरूच्या झाडांत सोनेरी, गुलाबी उजेड झुळझुळत होता. तिथं एक नाजूक परी बसली होती. लिंबाच्या रंगाचे पंख, त्यांवर निळ्या निळ्या टिकल्या, केसांत दवाचे थेंब. आणि मनगटावर तेच कबूतर! बकुळा आधी तिच्यामागून फिरून आली. पंख सोंगाड्यासारखे दोरीनं बांधलेले तर नाहीत ना, ते तिनं पाहून घेतलं.

परी हसली. "एक वर माग, बाळ. म्हणशील तर हे पाखरू आत्ता ढाबळीत परत जाईल. अट एवढीच, मला काही विचारायचं नाही."

बकुळेच्या कपाळाला आठी पडली. हे शब्द मालकांनी वापरले होते, आणि त्यातून काय निघालं ते ती भोगत होती.

"परीबाई, यात पाखराचं काय जाणार?"

झाडांतला उजेड एकदम मंदावला. टिकल्या एकेक करून विझल्या. "त्याच्या कोलांट्या," परी हळूच म्हणाली. "ढाबळीत शिरलं की विसरून जाईल. विचारलंस ते माफ. अजूनही माग, हवं तर."

बकुळेला आबांचा उतरलेला चेहरा आठवला. समोर ती इवली मान थरथरत होती. तिला हुंदका आवरेना.

"मग नको," ती म्हणाली, आणि ज्वारीची मूठ कबुतरापुढे उघडली. "खा बाबा. लांब जायचंय तुला."

"हे विचारणारं मला अजून कुणी भेटलं नव्हतं," परी म्हणाली. लख्ख उजेड पडला, आणि त्या उजेडातच ती पाखरासकट विरून गेली. बकुळेनं तरीही झाडांमागे दोनदा पाहिलं.

संध्याकाळी झोपडीपुढे बोचकं बांधून आबा उभे होते. मालक पहारा दिल्यासारखे समोर, भोवती गाव. तेवढ्यात आभाळात पांढरा ठिपका चमकला. एक कोलांटी, दोन, तीन, सात! कबूतर खाली आलं आणि ढाबळीवर नाही, बकुळेच्या छपरावर बसलं.

सगळ्यांनी मालकांकडे पाहिलं. भरकटलेलं पाखरू ज्या छपरावर उतरेल त्या घराचं, ही कबुतरं पाळणाऱ्यांची रीत. तिच्याच जोरावर दौलतरावांनी लोकांची डझनभर पाखरं ठेवून घेतली होती.

"पाखरू घेऊन जा, मालक," बकुळा म्हणाली. "पण आधी दोरा कुणी कापला ते सांगा."

दौलतरावांची मान खाली गेली. "मीच कापला," ते कसेबसे म्हणाले. "पाखरू राहू दे तुझ्याकडं." आणि ते निघून गेले.

त्या दिवशी आबा पोटभर जेवले. कबूतर बकुळेच्या खांद्यावर येऊन बसलं, तेव्हा तिनं आधी त्याचे दोन्ही पंख नीट उलगडून पाहिले. दोरा कुठेच नव्हता.