वाटीभर वरणाचा थांबा

पळसवेढे स्टेशनावर पॅसेंजर दोन मिनिटे थांबते, असे वेळापत्रक म्हणते. वेळापत्रकाचे फार मनावर घेऊ नका. फलाटाच्या टोकाला या. इथे कडुनिंबाखाली काळ्या दगडाची विहीर आहे आणि तिच्या शेजारी इंजिनाला पाणी पाजायची जुनी लोखंडी सोंड उभी आहे. त्या सोंडेतून शेवटचा थेंब पडला त्याला कितीतरी वर्षे झाली. विजेवर धावणाऱ्या इंजिनाला पाण्याशी काय घेणे? तरीही गाडी आली की गावातली एखादी बाई पितळेची वाटी पदराने धरून डब्याच्या खिडकीशी धावताना दिसते. वाटीत ऊन ऊन वरण असते. आत याच गावची सासरी नांदणारी लेक बसलेली असते, ती ते फुंकून फुंकून पिते, आणि गार्ड हिरवा बावटा खाली धरून मुकाट उभा राहतो. नव्याने बदलून आलेला गार्ड पहिल्या दिवशी कुरकुरतो. दुसऱ्या दिवशी कोणीतरी त्याला विहिरीपाशी नेऊन ठकूबाईची हकीगत सांगते, आणि तिसऱ्या दिवसापासून तोच आपणहून विचारतो, ‘झालं का वरण पिऊन?’

हकीगत जुनी आहे, या मुलखात रेल्वे यायच्या सुमाराची. तेव्हा इथून तापीकाठी जायला बैलगाडीने नऊ दिवस लागत, तेही घाटात बैल बसला नाही तर. ठकूबाई परटीण गावकुसालगत राहत असे. नवरा वारलेला, एकुलती एक लेक म्हाळसा तापीकाठी दिलेली. नऊ दिवस जायचे, नऊ दिवस यायचे, बाईमाणसाला सोबत कोण देणार आणि मागे गावाची धुणी कोण धुणार? सात वर्षांत मायलेकींनी एकमेकींचे तोंड पाहिले नव्हते. म्हाळसाला मुलगी झाल्याचा निरोप ठकूबाईला मिळाला, तेव्हा ती नात म्हणे दुडूदुडू पळायला लागली होती.

अशात बातमी आली की तापीकाठापर्यंत लोखंडी रस्ता जाणार आणि त्यावरून वाफेची गाडी पळणार. सकाळी बसावे आणि दिवस मावळायच्या आत उतरावे! कुणाचा विश्वास बसेना. ठकूबाईचा मात्र लगेच बसला, कारण वाफ काय करते हे तिला ठाऊक होते. परटाची भट्टी म्हणजे वाफेचेच काम. खाली हंड्यात पाणी उकळते, वर रचलेल्या कपड्यांतून वाफ जाते आणि वर्षाचा मळ सोडवते. कधी हंड्याचे तोंड गच्च बसले की वर ठेवलेला दगडसुद्धा तिने उडताना पाहिला होता. ती त्याच दिवशी आपल्या विहिरीवर गेली आणि तिथल्या सातीआसरांना, पाण्यातल्या सात देवींना, हात जोडून बोलली, “बायांनो, गाडी माझ्या गावात थांबू द्या. माझी म्हाळसा आली की पयलं तिला ह्या पाण्याचं वरण पाजीन, आन् ह्या गावच्या कुठल्याच लेकीला उपाशी म्होरं जाऊ द्यायची न्हाय.”

पण गाडी काही प्रत्येक गावात थांबणार नव्हती. इंजिनाला तहान मोठी. या पट्ट्यात त्याला एकदाच पाणी पाजायचे होते, ते पळसवेढ्याला नाहीतर तीन कोसांवरच्या कोरेगव्हाणला. जिथे पाणी तिथे थांबा, आणि जिथे थांबा तिथे स्टेशन. पाणी पारखायला कावसजी नावाचे पारशी मिस्त्री आले होते. बॉयलरची नस न् नस त्यांना ठाऊक. रुळांसाठी खडी वाहणाऱ्या इंजिनाबरोबरच ते हिंडत, त्याच्याच सावलीत जेवत.

ते इंजिन पहिल्यांदा पळसवेढ्यात शिरले, त्या दिवशीची धांदल काय सांगावी! धूर दिसला तसे लोक माळावर धावले, शिट्टी झाली तसे निम्मे माघारी पळाले. बैलांनी दावी तोडली. म्हाताऱ्यांनी पागोटी सावरली. बायकांनी लांबूनच हळदकुंकू उधळले, आणि एकीने तर धीर करून इंजिनाच्या पुढ्यात नारळ फोडला. निंबाजी पाटील छाती काढून पुढे झाले. त्यांच्या मळ्यातल्या विहिरीचे पाणी पंचक्रोशीत गोड म्हणून नावाजलेले. पाहुणा आला की आधी त्या पाण्याचा तांब्या पुढे यायचा आणि पाणी पिऊन झाल्यावर पाहुण्याने मान डोलवायची, असा रिवाजच होता. त्याच विहिरीला मोट लावून पाटलांनी इंजिनाची टाकी काठोकाठ भरून दिली. इंजिनाने फुसकारा टाकला आणि ते निघाले. सगळ्या गावाने एकमेकांना मिठ्या मारल्या, म्हणे सोवळ्यातल्यांनीसुद्धा.

पंधरा दिवस इंजिन हेच पाणी प्याले. सोळाव्या दिवशी कावसजींनी बॉयलर थंड करून उघडला आणि कपाळाला हात लावला. आतून सगळीकडे करंगळीएवढा पांढरा थर बसला होता, दगडासारखा टणक. त्यांनी एक खपली फोडून पाटलांच्या हातावर ठेवली.

“पाटील, तुमचा पाणी माणसाला अमृत. पण आपला इंजिन त्याने मरेल. हा थर वाढला तर एक दिवस बॉयलर फुटेल. थांबा कोरेगव्हाणला.”

पाटलांचा चेहरा पाहवेना, आयुष्यात त्यांच्या पाण्याला कुणी नावे ठेवली नव्हती. ठकूबाई गर्दीच्या मागे धुण्याचे गाठोडे घेऊन उभी होती. कोरेगव्हाण हे नाव कानावर पडले आणि तिच्या काळजाचे पाणी झाले. तिथे गाडी थांबली तरी तीन कोसांची पायपीट ती एका दमात करील, पण विहिरीवर बोललेले ऊन वरण लेकीला तिथे कसे पाजणार? ती लोकांतून वाट काढत पुढे आली, पाटलांच्या हातून पडलेली खपली उचलली, बोटांनी चुरली आणि जिभेवर ठेवली.

“मिस्त्रीबाबा, ही वळखीची हाय,” ती म्हणाली. “पाटलाच्या मळ्यातलं पाणी म्या एकदा भट्टीला घातलं व्हतं. माझ्या हंड्याच्या बुडाला हीच खपली धरली. तवापासून मी माझ्याच हिरीचं पाणी घालते. आठ वर्सं झाली, हंडा आतून आरशावानी हाय.”

कावसजींनी तिच्याकडे नीट पाहिले. पण पाटील भडकले. परटाची विहीर! तिच्या काठच्या दगडांवर गावाच्या सुतकाचे, बाळंतपणाचे कपडे धुतले जायचे. त्या पाण्याला ना चव ना नाव. फिक्कट, पचपचीत पाणी, ते कधी कुणी तोंडाला लावले नव्हते. त्याचे स्टेशन करायचे? साऱ्या मुलखात पळसवेढ्याची ओळख परटाच्या पाण्याने व्हायची? त्यापेक्षा गाडी गेली कोरेगव्हाणला तर जाऊ दे, असे ते म्हणाले म्हणतात.

ठकूबाई हटली नाही. सात वर्षे गिळलेला हुंदका तिच्या तोंडातून शब्द होऊन बाहेर पडला. “पाटील, तीन दगडांच्या दोन चुली मांडा. एकीवर तुमचं पाणी, एकीवर माझं. दोन्हींत तूरडाळ घाला, एकाच पोत्यातली. डाळ खोटं बोलत न्हाई. जे पाणी डाळ शिजू देत न्हाई, तेच हंड्याला धरतंय.”

कावसजी खदखदून हसले आणि त्यांनी स्वतःच चुलीसाठी दगड आणले. सकाळच्या उन्हात इंजिनाच्या पुढ्यात दोन मडकी चढली. अख्खे गाव गोल करून बसले. एवढी उत्कंठा कुस्तीच्या फडातही दिसली नव्हती. माना पुढे, डोळे मडक्यांवर, आणि कुणी काटकी जरा जास्त सरकवली की दुसऱ्या बाजूचे ओरडायचे. सूर्य डोक्यावर आला. पाटलांच्या पाण्यातली डाळ अजून दातांखाली करकरत होती. ठकूबाईच्या मडक्यात पळी फिरली तर डाळ कुठे आणि पाणी कुठे हे कळेना, सगळे लोण्यासारखे एक झाले होते.

तरी पाटील म्हणाले, “अशी डाळ तर माझ्या घरी रोज शिजती. माझ्याच हिरीच्या पाण्यात.”

तेव्हा बायकांच्या घोळक्यातून पाटलीणबाई उठल्या. चारचौघांत त्या कधी नवऱ्यासमोर बोलल्या नव्हत्या. पदर सावरून त्या म्हणाल्या, “न्हाई शिजत. लगीन होऊन आले तवापासून न्हाई शिजली. वरणाचं पाणी मी परटाच्या हिरीवरनं मागच्या दारानं आणवते. वीस वर्सं झाली.”

मग एकीमागून एक बायका खाली मान घालून हसायला लागल्या, कारण जिच्या घरी मऊ वरण व्हायचे तिच्या मागच्या दाराला हीच वाट होती. कुलकर्ण्यांची सूनबाई तर तोंडात पदर कोंबून बसली. पाटील कधी बायकोकडे पाहत, कधी मडक्याकडे.

“म्हंजे वीस वर्सं मी परटाचंच पाणी मिटक्या मारत खातोय म्हणा की!” ते म्हणाले, आणि एवढा मोठा गडी पोट धरून हसू लागला. हसता हसता त्यांनी पागोटे काढून काखेत धरले, पुढे होऊन ठकूबाईच्या मडक्यातले वरण द्रोणात घेतले आणि सगळ्यांदेखत प्याले. “बघता काय? घागरी आणा!”

मग जे झाले त्याला तोड नाही, असे सांगतात. विहिरीपासून रुळापर्यंत माणसांची रांग लागली. पाटलीणबाईंच्या हातातली घागर परटिणीच्या हातात, तिच्या हातातली तेल्याच्या हातात, तेल्याची कुलकर्ण्यांच्या हातात. कोण कुणाच्या हातचे घेतो हे बघायला सवड कुणाला होती? टाकी भरली, शिट्टी झाली, आणि या वेळी कुणीही पळाले नाही. पुढचे पंधरा दिवस रोज अशीच रांग. सोळाव्या दिवशी बॉयलर उघडला तेव्हा कावसजींनी हात आत घालून बोट फिरवले आणि ते बोट ठकूबाईला दाखवले. बोटावर नुसता ओलसर गाळ होता, तोही फुंकरीने निघाला.

“बाय, थांबा तुझा!” ते ओरडले.

कावसजींनी आणखी एक काम केले. लोखंडी रस्ता तापीकाठाला पोचला तेव्हा परीटवाडा शोधत जाऊन ते म्हाळसाच्या घरी निरोप देऊन आले. परत येऊन त्यांनी सांगितले, की म्हाळसाच्या सासरचे लोक एका लग्नाला गाडीने पुढे जाणार आहेत, बुधवारच्या गाडीत ती असेल. मात्र सासू कडक आहे, सुनेला माहेरी ठेवणार नाही. इंजिन पाणी पिईल तेवढा वेळ ती खाली उतरेल.

त्या बुधवारी ठकूबाईने पहाट फुटताच डाळ चढवली. गाडी आली. एवढ्या खिडक्यांतून एवढी तोंडे, ठकूबाईला काही सुधरेना. मग “आये!” अशी हाक आली, आणि कडेवर पोर घेतलेली एक बाई फलाटावर उतरली. तेरा वर्षांची पोर पाठवली होती, वीस वर्षांची बाई आली होती. ठकूबाईने तिच्या हातात वाटी दिली. पण म्हाळसाच्या घशाखाली घोट उतरेना. ती रडायची, आईच्या तोंडावरून हात फिरवायची, लेकीला आजीच्या कडेवर द्यायची आणि पुन्हा रडायची. वाटी तशीच भरलेली.

इकडे नवी लोखंडी सोंड इंजिनाच्या टाकीत सोडलेली होती आणि पाणी सोडायची तिची साखळी कावसजींनी ओढून धरली होती. टाकी भरली. पाणी काठावर आले. गार्डाने शिट्टी वाजवली. कावसजींनी साखळी सोडली नाही. पाणी टाकीवरून ओसंडून त्यांच्या डगल्यावर, बुटांवर, रुळांवर धो धो पडू लागले.

“मिस्त्री, टाकी भरली!” गार्ड ओरडला.

“अजून नाय भरली!” चिंब भिजलेले कावसजी ओरडले. “आज याला तहान फार!”

डब्याच्या दारात उभी असलेली सासू हे सगळे पाहत होती. भरलेली टाकी तिला दिसत होती, भरलेली वाटीही. ती तरातरा खाली उतरली. म्हाळसा दचकून उभी राहिली. सासूने ठकूबाईसमोर हात पुढे केला आणि म्हणाली, “मलाबी द्या की वाटीभर. ही निवांत पिऊ दे.” आणि पिऊन झाल्यावर म्हणाली, “येताना हिला आठ दिवस हितंच सोडते.”

तेव्हा कुठे म्हाळसाने वाटी तोंडाला लावली आणि एका दमात संपवली. ठकूबाईने ती वाटी घेतली, उलटी केली आणि हात उंच करून कावसजींना दाखवली. त्यांनी साखळी सोडली. सोंड बाजूला झाली, वाफ सुटली, आणि गाडी हलली.

पुढे त्याच विहिरीच्या पाण्यावर गावात कापसातली सरकी काढायचा कारखाना चालला, वाफेची पिठाची गिरणी आली आणि बायकांच्या हातांतले जात्याचे खुंटे सुटले. लोक शिट्टीवर उठू लागले, शिट्टीवर जेवू लागले. बायका लेकी देताना आता कोस विचारीनाशा झाल्या, गाडी किती वाजता पोचते ते विचारू लागल्या. ठकूबाई शेवटपर्यंत दर गाडीला वाटी घेऊन हजर असायची. कुणाचीही लेक असो, ती तिचीच. ती गेल्यावर घराघरांनी पाळी वाटून घेतली, आणि पाटलांच्या घराने पहिली पाळी मागून घेतली.

आता ते इंजिन नाही, वाफ नाही, साखळी गंजून गेली आहे. पण आजही पळसवेढ्यात वरणाला दुसऱ्या विहिरीचे पाणी चालत नाही. आजही लेकीचे वरण पिऊन झाले की फलाटावरची बाई रिकामी वाटी उलटी करून हात उंच करते. गार्ड ती वाटी पाहतो, आणि मगच त्याचा हिरवा बावटा वर जातो.