खंड्या आवडला तेव्हा

शहरातल्या पुलाला जाळी बसायच्या आधीची गोष्ट. पुलावर स्कूटर थांबली की खालचं म्हातारं कासव बुडी मारायचं, कारण पाठोपाठ निर्माल्याची पिशवी पाण्यात पडायची.

एकदा स्कूटर थांबली, पण पिशवी काही पडली नाही. कासवाने संशयाने डोकं वर काढलं.

"अहो, तो निळा खंड्या बघा, किती गोड!" बाई नवऱ्याला म्हणाली. "इथे काठाला छान फरशी घालून बाकडी टाकायला हवीत."

ती दोघं गेल्यावर खंड्या काठाच्या मातीतल्या आपल्या बिळाशी नाचायलाच लागला. "कासवआजोबा, आपण त्यांना आवडलो!"

"पलीकडच्या पुलापाशीही माणसांना खंड्या असाच आवडला होता," कासव म्हणालं. "तिथल्या खंड्याचं बीळ फरशीखाली गेलं. पिशवी मी बुडी मारून चुकवतो रे. तू फरशी कशी चुकवशील?"