त्रिकालज्ञांची पोथी

चिद्घनानंद महाराजांनी भरसभेत पोथी उंचावली. "आमच्या मूळपुरुषांच्या हातची, चारशे वर्षांपूर्वीची! ते त्रिकालज्ञ होते. हीच प्रत अस्सल माना, नाहीतर विद्यापीठाला मठाची दारं बंद!"

विद्यापीठाची संशोधक अनुजा केळुसकरने वाद घातला नाही. तिने संगणकावर ती पोथी त्याच ग्रंथाच्या इतर सगळ्या प्रतींशी ओळ न् ओळ ताडून पाहिली. पोथीत एके ठिकाणी ओव्या मागेपुढे झाल्या होत्या. नेमका तोच घोळ फक्त मठाने गेल्या वर्षी छापलेल्या पुस्तकात होता, कारण बाइंडरने त्यात पानं चुकीची लावली होती.

"यंत्राला काय कळतंय मूळपुरुषांचं सामर्थ्य!" तिने हे सांगताच महाराज गरजले.

अनुजाने हात जोडले. "कळलं ना, महाराज! गेल्या वर्षी बाइंडर कुठली पानं चुकवणार, हे त्यांना चारशे वर्षांपूर्वीच दिसलं होतं."